गोठ्याच्या दारावरचं एक्स्चेंज

टेलिफोनच्या बोर्डावर बसलेल्या बाईला ओरडता येत नाही. तोंडासमोर भोंगा असतो, लाइनवर कोणी ना कोणी असतंच, आणि शेजारणीचा भोंगासुद्धा आपला आवाज उचलतो. म्हणून आम्ही सगळ्या जणी राग गिळायला शिकलो होतो. वत्सला गिळत नव्हती. ती फक्त आवाज खाली आणायची. जितकी जास्त चिडायची तितकं हळू बोलायची. ती कुजबुजायला लागली की समोरचा माणूस दाराकडे बघायला लागायचा.

खालापूर तालुक्यातल्या एका लहान एक्स्चेंजात आम्ही शेजारी-शेजारी बसायचो. कुठलं ते सांगत नाही, त्यातली माणसं अजून हिंडती-फिरती आहेत. काळ हाताने जोडायच्या फोनचा. नंबर मागितला की दोरी उचलायची, भोकात खुपसायची, जोडून द्यायचं. मी सातवी शिकून लग्न करून आलेली, बाकीचं सगळं कानाने शिकले. वत्सला मॅट्रिक. घर आमच्याच गावात, पण बौद्धवाडीत. तिच्या वडिलांनी धम्म घेतला त्या दिवशी गावकीची कामं सोडली, आणि मग गावाने त्यांना शेतावर मजुरी देणं सोडलं. हे ती एकदाच बोलली माझ्याशी, तेही असंच हळू. मी ओळखायचं ते ओळखलं.

एक प्रसंग सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्यातला एक कामगार आमच्या खिडकीबाहेरच्या फोनवरून ट्रंक कॉल लावून घाटावर बायकोशी बोलत होता. घरात कोणीतरी आजारी होतं, एवढं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आमचा मेकॅनिक आतल्या खोलीत लाइन तपासत होता. त्याने न विचारता तार उपटली. तो माणूस खिडकीशी आला नि आम्हाला विचारतो, "पुढं काय म्हणाली ती?" जसं काही आम्हाला ठाऊक! लाइन त्या दिवशी परत जुळलीच नाही. दुसऱ्या दिवशी जुळली तर तो गावाला निघून गेला होता. काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही.

वत्सला उठून आत गेली. मेकॅनिकच्या हातातून पक्कड काढून घेतली आणि त्याच्या कानाशी बोलली, "तारंच्या टोकाला मानूस असतो रं. कान लावायचा, इचारायचं, मग तोडायचं. पुन्यांदा कुनाच्या तोंडातला शबुद तोडलास तर ही पक्कड तुझ्या दाताला लावीन." तो मेकॅनिक आमच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर, बरं का. पण त्या दिवसापासून आमच्या एक्स्चेंजात तो कायदाच झाला. तार काढण्याआधी कानाला यंत्र लावायचं, माणसं बोलत असली तर "जरा थांबता का" म्हणायचं, आणि ती थांबली की मगच हात लावायचा. पुस्तकात हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

पुढे बातमी आली की ऑपरेटर बायकांनाही मेकॅनिकच्या खातेपरीक्षेला बसता येईल. लेखी तर होतीच, पण खरी मेख प्रात्यक्षिकाची. मोठ्या शहरातल्या केंद्रात नेऊन यंत्रांच्या मांडणीसमोर उभं करायचे. तिच्यात मुद्दाम बिघाड घातलेले. घंटा व्हायच्या आत ते शोधून दुरुस्त करायचे. तीन वेळा नापास झालं की पुन्हा बसता येत नाही.

लेखी तिने एका दमात काढली. प्रात्यक्षिकाला अडली, कारण हात कशावर बसवायचा? यंत्रांचे रॅक आतल्या खोलीत, आणि आमच्या सुपरवायझरनी त्या खोलीला कुलूप लावून ठेवलं.

"बाईमाणसानं रॅकला हात लावायचा नाही. शॉक लागला तर जबाबदारी कोणाची?"

"घरी चुलीला हात लावताना कुनाची असते, साहेब?"

साहेब म्हणाले, उद्धटपणा करू नका. ती पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदाही झाली. आणि हेच साहेब चहा पिता पिता सांगत होते, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आजही तो कप डोळ्यांसमोर आला की माझं रक्त उसळतं. पोहायला शिकणाऱ्याला विहिरीवर येऊ द्यायचं नाही, आणि मग बुडाला म्हणून हसायचं!

तिसऱ्या वेळेची तयारी तिने घरी केली. शिळफाट्याच्या भंगारवाल्याकडून जुने रिले, मोडके फोन, वायरींची भेंडोळी आणली. गोठ्याचं एक दार उचकटून अंगणात आडवं टाकलं आणि त्याच्यावर सगळं ठोकून एक्स्चेंज उभं केलं. आई तिची कपाळाला हात लावून बसली. "म्हैस उघड्यावर बांदू काय गं?" वत्सला म्हणे, "बांद. म्हशीला परीक्षा नाय."

पण एका घरात एक्स्चेंज कसलं? दुसरं टोक हवं. मी म्हटलं, माझ्याकडे आण. तर बौद्धवाडीतून गावातल्या आमच्या घरापर्यंत, झाडांवरून, कुंपणावरून तार आली. आमच्या सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "त्यांच्या घरची तार आपल्या वळचणीला? लोकं काय म्हनतील?" मी त्या वेळेला घरात मोठ्याने बोलत नव्हते, पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, आत्या, तारेतून काय यायचंय, आवाजच ना? कान विटाळतो का? त्या दोन दिवस जेवल्या नाहीत माझ्या हातचं. नंतर खोकल्याने बेजार झाल्या तेव्हा त्याच तारेवरून वत्सलाच्या आईला विचारत होत्या, "अडुळसा किती उकळू गं?" मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. खोकला येईपर्यंत माणूस माणूस नव्हतं का?

बिघाड घालायचं काम माझ्याकडे. ती पाठ फिरवून बसायची, मी दारावरचा एखादा जोड सैल करायचे, कुठे कागदाचा कपटा सारायचे, कुठे तार आतून तोडून वरून तशीच ठेवायचे. मग ती वळायची. ती आधी बघायची नाही, कान लावायची. "बोलू नको, हितंच कुटंतरी कुरकुर हाय." मी सोपा बिघाड घातला की अंगावर यायची. "कुसुम, तू माजी मैत्रीण हायेस का सुपरवायझरची? वंगाळ घाल, वंगाळ!" पुढे पुढे मला बिघाड सुचायचे बंद झाले. मग गावच बिघाड घालायला लागलं. कुणाच्या शेळीने तार चावली, कुणी तिच्यावर गोधडी वाळत टाकली, माकडांनी झोके घेतले. वत्सला पक्कड घेऊन कुंपणाकुंपणाने हिंडायची, शिव्या देत. पण तेव्हाही, मी आमच्या टोकाला कुणाशी बोलत असले तर, तार सोडण्याआधी तिचा आवाज यायचा, "थांबतीस का गं, काढू?" हो म्हटल्याशिवाय काढली नाही तिने कधी.

परीक्षेला गेली. परत आली ती सरळ माझ्या घरी. चपला दारात, पदर कमरेला, आणि आवाज इतका बारीक की मला ओठ बघून समजून घ्यावं लागलं.

बिघाड तिने भराभर काढले होते. एकच उरला होता, आणि कुठला तेही तिला कळलं होतं. एक तार सोडवायची, साफ करून परत लावायची, संपलं. सवयीने कान लावला, तर लाइनवर दोन पुरुष बोलत होते. त्या केंद्राने स्वतःचीच एक चालू लाइन परीक्षेच्या मांडणीत घेतली होती. एक तिथला भांडारातला कारकून, दुसरा पलीकडच्या इमारतीतला कुणीतरी. कुठल्या खाणावळीत मासे ताजे मिळतात, हा विषय.

"साहेब, जरा थांबता का, तार काढायचीय."

"कोण बाई? आवाज गोड आहे हो. गाणं म्हणा एखादं!"

आणि परत बांगड्यावर. तिने परीक्षकाला सांगितलं, लाइनवर माणसं हायेत. परीक्षक म्हणाला, "वेळ तुमचा चाललाय, बाई." ती थांबली. पक्कड हातात, कान लाइनला. ते सुरमईपर्यंत पोचले आणि घंटा झाली.

"तोडायची होती," परीक्षक नंतर म्हणाला. "परीक्षा आहे ही. इथे कोण मरणार होतं?"

मी ते ऐकलं आणि मला हातातलं भांडं फेकावंसं वाटलं. कोणावर, ते ठरत नव्हतं. त्या मासेखाऊंवर? परीक्षकावर? साहेबांच्या कुलपावर? की हिच्यावर? खरं सांगते, सगळ्यात जास्त हिच्यावर. अगं, दोन टवाळांच्या गप्पा! त्यांच्यासाठी आयुष्याची बढती घालवलीस?

वरच्या कचेरीतले एक साहेब मात्र भले होते. त्यांनी निरोप दिला, चार ओळी लिहून द्या की घाबरल्यामुळे माझा गोंधळ झाला. खास बाब म्हणून आणखी एकदा बसवतो. मी कागद घेऊन तिच्याकडे गेले.

"घाबरले नवते मी."

"मला ठाऊक आहे गं. नुसतं लिहायचं."

"गोंधळ बी नवता. त्यांनी मानसं लाइनवर ठेवली आन् वर तोड म्हनाले, गोंधळ त्यांचा हाय. त्यांनी लिवून द्यावं."

मी हात जोडले. तिची आई रडली. ती म्हणाली, "लिवलं तर माजा हात माजा ऱ्हानार नाय." मीही मग तोंडाला येईल ते बोलले. माजोरी म्हटलं, करंटी म्हटलं. त्यानंतर कितीतरी महिने शेजारी बसून आम्ही फक्त नंबर बोललो. गोठ्याच्या दारावर धूळ बसली. तार मात्र ना तिने काढली, ना मी.

मग रेखा आली. नवीन ऑपरेटर, शेलूची पोर, बाप वारलेला, पाठीमागे भावंडं. तिला परीक्षेला बसायचं होतं. वत्सलाने न विचारता दार झटकलं. मला तारेवरून हुकूम आला, "कुसुम, ये. बिघाड घाल." झालं, अबोला संपला.

वत्सलाने रेखाला जसं घासलं तसं भांडंही कोणी घासत नाही. पोर रडायची, परत उभी राहायची. परीक्षेच्या आधी शेवटच्या दिवशी वत्सलाने तिला समोर बसवलं. "आता नीट ऐक. तितं कान लावायचा नाय. कोन हाय, कोन नाय, बघायचं नाय. दिसली तार की तोड."

मी उसळलेच. "आणि तू? तू का नाही तोडलीस मग? हिला शिकवतेस ते स्वतः केलं असतंस तर आज मेकॅनिक असतीस!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता कुजबुजेल, आता सोलेल मला. पण ती साध्या, रोजच्या आवाजात म्हणाली, "हिला नोकरीत वर चढायला पायजे. मला बी पायजे होतं गं. लई पायजे होतं." आणि दारावरची एक घट्ट असलेली तार उगाच परत घट्ट करत बसली. त्या दिवशी मला कळलं की इतके दिवस मी तिला गर्विष्ठ समजून भांडत होते, आणि ती मनातल्या मनात रोज परीक्षेतला तोच एक राहिलेला बिघाड काढत होती.

रेखा पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा आमची पाळी संपत होती. वत्सलाने पेढा हातात घेतला आणि विचारलं, "शेवटची तार कशी काढलीस?"

रेखा माझ्याकडे बघायला लागली. "ताई, कान लावला मी."

"काय?"

"राहवलंच नाही. हात आपोआप गेला. पण लाइनवर कुणीच नव्हतं. मग काढली."

"तुला काय सांगितलं होतं मी?" आता मात्र आवाज अगदी खाली गेला. "आन् असतं कुनी तर? काय केलं असतंस गं? बोल ना."

पोरीने पेढ्यांचा पुडा बोर्डावर ठेवला. लबाडी करता आली असती. तिने नाही केली.

"थांबले असते, ताई."

वत्सलाचा हात उठला. खरंच मारते आता, म्हणून मी मध्ये पडले. तर तिने मलाच बाजूला ढकललं, हातातला पेढा रेखाच्या तोंडात कोंबला आणि बोर्डाकडे तोंड करून बसली. पाळी संपली होती, लाइन एकही वाजत नव्हती, तरी तिने यंत्र कानाला चढवलं. आम्ही दोघी मागे उभ्या. ती वळेपर्यंत आम्हीही थांबलो, कायदा तिचाच होता.