जोतं उंचच पाहिजे

अल्लीपूरच्या बस स्टँडसमोर पंक्चरचं दुकान आहे. त्या दुकानाच्या मालकिणीला कुणी "बिचारी" म्हटलं की तिचं डोकं फिरतं. समोरचा माणूस मास्तर असो की ट्रॅक्टरचा मालक, कमलाबाई त्याची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात तशीच सोडते आणि विचारते, "बिचारी कोन? गाडी ढकलत तू आला, मी नाई." मग तो माणूस बाकड्यावर बसतो. तिच्याशी वाद घालून जिंकणारा अल्लीपुरात अजून जन्मायचा आहे.

कमलाबाईच्या दोन्ही पायांत जीव नाही. लाकडी फळीला बेअरिंगची चाकं ठोकून केलेल्या बुटक्या गाडीवर ती बसते, हातांत टायरचे जाड तुकडे धरते आणि जमीन मागं लोटत सबंध गाव फिरते. त्याच हातांनी मोटरसायकलचा टायर रिमवरून असा उतरवते, की बघणाऱ्याला वाटावं तव्यावरची भाकर उतरवली.

पाय गेले तेव्हा ती जेमतेम चालायला लागली होती. गावात लस पाजणारे येऊन गेले होते म्हणतात. पण आई तुरीच्या कापणीला गेली होती. रोज बुडवला असता तर घरात चूल पेटली नसती, आणि लस कशासाठी हे तिला कुणी समजावूनही सांगितलं नव्हतं. मग ताप आला. दवाखाना हिंगणघाटला, आणि बापाजवळ ना बैलबंडी ना भाडं. ताप उतरला तो पाय घेऊनच. त्या साली गावात पांगळी झालेली पोरं सगळी मजुरांच्याच घरची होती. पुढं कधीतरी एकानं याला नशिबाचा खेळ म्हटलं, तेव्हा कमलाबाईनं दिलेलं उत्तर वस्तीत अजून सांगतात. "ताप काई घर पाहून येत नाई, बाप्पा. डाक्टर घर पाहून येते."

बाप तिला खांद्यावर बसवून शाळेत नेई. पोरगी वाढली, बापाची कंबर वाकली आणि शाळा सुटली. पाय नसलेल्या पोरीला मजुरीवर कोण नेणार? तेव्हा ताराचंद शेठचं सायकलचं दुकान होतं. शेठनं तिला दुकानापुढच्या सावलीत बसू दिलं. बसल्या बसल्या ती पाहू लागली, मग ट्यूब घासू लागली, मग जोडू लागली. शेठ थकला तेव्हा पाने आणि पंप तिच्याच हवाली करून मोकळा झाला. या दुकानाच्या जोरावर तिनं धाकट्या भावाला, श्रावणला, शिकवलं. हे ती स्वतः कधी सांगत नाही, पण तिच्यासमोर दुसऱ्या कुणी सांगितलं तर अडवतही नाही.

रविवारी संध्याकाळी मात्र दुकान बंद. त्या दिवशी ती काळे हात राखेनं घासते, पांढरं लुगडं नेसते आणि विहारात जाते. वस्तीतली बुद्धवंदना तीच सांगते. आधी तिचा आवाज, मागून सगळ्यांचा. लुगड्यावर डाग पडू द्यायचा नाही, हा तिचा हट्ट. आठवडाभर ग्रीस आणि धुळीत बसणाऱ्या बाईला तेवढा एक दिवस पांढरा ठेवायचा असतो.

जुना विहार टिनाचा होता. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले आणि विहार खाली राहिला. पावसाचं पाणी आत शिरे आणि येणारा-जाणारा वरून आत डोकावून पाही. हे सगळ्यांनाच सलत होतं. म्हणून लोकवर्गणीतून नवा विहार बांधायचं ठरलं, तेव्हा बैठकीत एकच मागणी झाली, जोतं उंच पाहिजे. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण बोललं? आपली कमलाबाईच! "असं जोतं बांधा, का रस्त्यावरच्या मानसाले मान वर करूनच पाहा लागलं पाह्यजे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना खाली बसवलं, त्यांना उंचीची भूक असणारच. पण त्या भरल्या बैठकीत एकाच्याही डोक्यात पायऱ्या आल्या नाहीत. कमलाबाईच्याही नाही. ती स्वतःला पांगळी समजत असती, तर कदाचित आल्या असत्या.

विहार झाला आणि देखणाच झाला. पांढराशुभ्र, माणसाच्या छातीइतक्या जोत्यावर. उद्घाटन दोन आठवड्यांवर होतं, पण लोकांना दम कुठला? रविवारची वंदना नव्या विहारातच घ्यायची ठरली. कमलाबाई पांढरं लुगडं नेसून गाडी लोटत आली आणि उभ्या चढाच्या पायऱ्यांपाशी थांबली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

समितीचा अध्यक्ष अश्वजित धावत खाली आला. कमलाबाई वस्तीची लेक, म्हणून त्याच्या वयाचे सगळे तिला आत्याच म्हणतात. "आत्या, काऊन थांबली? आमी चौघं उचलून नेतो ना तुले."

"मी काय सिलिंडर हावो, उचलून चढवाले?"

"मंग हळूहळू सरकत ये. आमी बाजूले राह्यतो."

तिनं लुगड्याकडे पाहिलं. हातांवर घसटत ती चढलीही असती, तिच्या दंडांत तेवढी ताकद आहे. पण वर पोचेपर्यंत लुगड्याचं पोतेरं झालं असतं, आणि तशी ती त्या दारात जाणार नव्हती. "मी जाईन तं माह्या गाडीवर जाईन," ती म्हणाली. "नाई तं उद्घाटनालेबी नाई. उतार बांध."

अश्वजित मनाचा वाईट नाही, पण घाईत होता. वर्गणी संपली होती, पाहुणे ठरले होते. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आत्या, एका मानसासाठी एवढं?"

कमलाबाई भांडली नाही, हेच नवल. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि तिथूनच वंदना सुरू केली. आवाज तिचा म्हटल्यावर वरच्यांना मागून म्हणणं भागच होतं.

तो आवाज खालून आला तशी समोरच्या घरातून प्रमिलाबाई काठी टेकत बाहेर आली. शेतात काटा रुतला, जखम चिघळली, दवाखान्यात जायला उशीर झाला आणि तिचा पाय कापावा लागला होता. नव्या पायऱ्या पाहून ती घरीच बसली होती. ती येऊन कमलाबाईच्या बाजूला बसली. मग शेजारची रोशनी लेकीला घेऊन आली. मयुरी जन्मतानाच अडली, गाडी मिळेपर्यंत वेळ गेला. आता शिबिरात मिळालेल्या चाकाच्या खुर्चीत ती मान टाकून बसते, पण वंदना ऐकली की हसते. मागून कुबड्यांवर रुपेश गवंडी, दुसऱ्याचा मजला बांधताना पडलेला. मग गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या. बघता बघता पायऱ्यांखाली अख्खी रांग झाली. यांतलं एकही दुखणं पैसेवाल्याच्या घरी गेलं असतं, तर एवढं टिकलं नसतं.

अश्वजितनं वरून खाली पाहिलं. मग तो उतरला आणि रांगेच्या शेवटी मांडी घालून बसला. वंदना संपल्यावर म्हणाला, "चुकलो, आत्या."

"सगळेच चुकलो. मी तं सगळ्याइच्या आंधी," ती म्हणाली. "जुन्या विहाराच्या विटा कुठं हायेत?"

विटा मागं रचून ठेवलेल्या होत्या. त्यांचाच, मधे वळण घेतलेला, उतार झाला. वस्तीनं श्रमदान केलं. रुपेशनं बसल्या जागी दोरी धरून चढ ठरवला आणि सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. कैक महिन्यांनी त्याच्या हातात थापी आली होती. सिमेंटवर चाक घसरू नये म्हणून कमलाबाईनं दुकानातले झिजलेले टायर कापून त्यांच्या पट्ट्या ओल्या सिमेंटात आडव्या दाबल्या. पांढऱ्या विहाराला काळे पट्टे शोभत नाहीत, असं कुणी तरी म्हणालं. म्हणेना का.

उद्घाटनाच्या दिवशी कमलाबाई पांढऱ्या लुगड्यात उताराला लागली. वळणावर चढ अंगावर आला. दंडाच्या शिरा ताठल्या आणि गाडी मागं सरकली. श्रावणचा हात आपसूक पुढं झाला.

"हात काढ," ती वळूनही न पाहता म्हणाली.

भावानं हात काढला. चाक टायरच्या पट्टीला अडलं, गाडी थांबली. तिनं दम घेतला आणि पुन्हा जमीन मागं लोटली. वर पोचली तेव्हा श्रावण डोळे पुसत होता, आणि का पुसू नयेत? तिच्यामागून मयुरीची खुर्ची आली, काठी आली, कुबड्या आल्या.

दारात तिनं गाडी वळवली. पदर झटकून पाहिला, एक डाग नव्हता. खाली रस्त्यावर बस थांबली होती आणि खिडक्यांतली माणसं मान वर करून पाहत होती.

कमलाबाईनं अश्वजितला जवळ बोलावलं.

"पाह्य," ती म्हणाली, "जोतं उंचच पाह्यजे होतं. म्या म्हनलंच होतं."