नैरोबीची भाजीवाली आणि आमची ही

शिकागोजवळ नेपरव्हिलला राहायला गेलो तेव्हा मी स्वतःला वाहतुकीतला मोठा तज्ज्ञ समजत असे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकागोतल्या ऑफिसात बसून नैरोबीच्या लोकांनी कामावर कसं जावं, हे आम्ही ठरवत होतो. भाजी विकणारे, हमाल, धुणीभांडी करणाऱ्या बायका, अशांसाठी बसचे मार्ग आखायचे होते. नैरोबी मी पाहिलेलं नव्हतं, पण त्यावाचून आमचं काही अडत नव्हतं. तिथली माणसं दारोदार फिरून फॉर्म भरून पाठवत आणि आम्ही त्यांचे तक्ते करत असू.

घरात गाडी एकच. सकाळी ती स्टेशनवर लावून मी ट्रेन पकडायचो. बायकोला ड्रायव्हिंग शिकायचं होतं आणि त्यासाठी तिने लर्नर्स परमिटही काढून ठेवलं होतं. "शिकवतो ना," मी म्हणायचो. आधी ऊन फार होतं, मग काम फार आलं, मग बर्फ फार झाला. शिवाय मी तिला प्रेमाने समजवायचो, "तुला जायचं असतं कुठे?" ती ओळखीच्या एका डॉक्टरकाकूंची मुलगी सांभाळायला जायची, पण काकू स्वतः तिला गाडीतून नेत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी फॉर्मचा गठ्ठा घरी आणला. ती वाचणार आणि मी आकडा टाकणार, असं ठरलं. 'काल कोणत्या वाहनाने गेलात?' या प्रश्नाला चार पर्याय होते: बस, मटाटू म्हणजे तिथली खाजगी मिनीबस, गाडी आणि सायकल. जागा कोरी असली तर शून्य. शून्य म्हणजे माणूस घरीच होता.

"भाजी विकते," तिने वाचलं. "वाहन, ब्लँक."

"शून्य."

"पोचायची वेळ, सकाळी सात."

"शून्य."

"अहो, शून्य काय? घरी बसलेली बाई सातला मार्केटमध्ये पोचली कशी? उडत गेली?"

मी हसलो. मग तिने पुढचे चार फॉर्म काढले. हमाल, शून्य, साडेसहाला हजर. मोलकरीण, शून्य, पावणेसातला हजर. गठ्ठाच्या गठ्ठा चालत कामावर गेला होता आणि मी त्याला घरी बसवलं होतं. फॉर्ममध्ये पायांना रकानाच नव्हता.

"तुमच्या हिशेबाने मीसुद्धा शून्यच की," ती म्हणाली.

"तू कशी? काकू नेतात ना?"

"पहिला आठवडा नेलं. मग त्यांची शिफ्ट चेंज झाली. चार महिने चालत जातेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्हीच म्हणालात, तुला जायचं असतं कुठे."

पण तज्ज्ञ गप्प बसत नाही. "उद्यापासून मी ड्रॉप करतो," म्हणालो.

"तुमची ट्रेन सातची, मला पोचायचंय नऊला. ड्रॉप नको. शिकवा."

मी कोट चढवला आणि तिच्या रस्त्याने निघालो. दोन मैल. पहिल्या वळणानंतर फुटपाथ संपला. बर्फ काढणाऱ्या गाडीने कडेला कमरेएवढे ढीग लावून ठेवले होते, त्यामुळे चालायचं ते रस्त्यावरूनच. मागून एक ट्रक हॉर्न देत इतका जवळून गेला की मी ढिगात आडवा झालो. तिथेच बसून राहिलो. भीती वाटली आणि लाजही वाटली. या चार महिन्यांत एखाद्या दिवशी तिला काही झालं असतं आणि मला कुणी फोन केला असता, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, "तुमची चूक होतेय, माझी बायको घरी आहे."

घरी आलो आणि ओल्या बुटांनिशी उभ्या उभ्या गाडीची किल्ली तिच्यापुढे धरली.

"आत्ता?" ती म्हणाली.

"आत्ताच."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी चहा घ्या," म्हणाली. "चार महिने थांबले, अजून दहा मिनिटं थांबेन."