आधी पंख हालला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढे नाही – आणि सुधाकरला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. माझी हिंमत तेवढीच आहे.

मी माजलगावजवळच्या एका सहकारी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. सुधाकर हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. दोघांना एकच खूळ – रेडिओवर चालणारी ग्लायडर. इंजिन नसलेली छोटी विमानं, नुसत्या तापलेल्या हवेवर चढणारी. मी पुण्याहून तयार संच मागवायचो. कापलेले तुकडे, सोबत नकाशा. बघून चिकटवायचं, झालं. सुधाकर मात्र नकाशे स्वतः आखायचा. ते मला सलायचं – आता कबूलच करायला बसलोय, तर हेही लपवत नाही.

त्या साली पाऊस झालाच नाही. ऊस उभ्या उभ्या वाळला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं. धरण आटलं, तळाच्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या. मेलेल्या माशांचा वास गावापर्यंत यायचा. आणि सांगायला लाज वाटते, पण ग्लायडर उडवायला याहून चांगली जागा नव्हती. तापल्या गाळावरून हवा अशी उठायची, की घारी पंख न हलवता दिसेनाशा व्हायच्या. दुष्काळ आमच्या खेळाला मानवला होता. यात काहीतरी अभद्र आहे, असं मला तेव्हाही वाटायचं. म्हणून जायचा थांबलो का? नाही, रोज गेलो.

सुधाकरने त्याच साली नवं ग्लायडर आखलं. महागडं बाल्साचं लाकूड कमी, बांबू जास्त – शाळांना परवडेल असं. त्याचे संच बनवायला त्याने धरणाजवळच्या वस्तीतल्या बायका शिकवून तयार केल्या. त्यांत शिरूर कासारकडची पारूबाई सगळ्यांच्या पुढे. तिने पंखावर पातळ कागद चढवला, की तो ढोलकीसारखा वाजायचा. या बायका दरवर्षी नवऱ्यासोबत कोयता घेऊन ऊसतोडीला जायच्या. इकडचा ऊस जळालेला, म्हणजे आता पार कर्नाटकात जाणं आलं. त्याऐवजी घरी बसून संच करायचे, बायकांची सहकारी संस्था काढायची, असं सुधाकरच्या मनात होतं. कर्ज द्यायचं का ते ठरवायला पतसंस्थेचे चेअरमन ग्लायडर बघायला येणार होते. उडालं तर संस्था. नाही तर मुकादमाचा ट्रक वस्तीपाशी येऊन उभाच होता.

आता त्या चिमट्याचं सांगतो. आमचे दोघांचे रेडिओ एकाच फ्रिक्वेन्सीचे होते. दोन्ही एकदम सुरू झाले, की वरचं विमान कुणाचंच ऐकत नाही. म्हणून कपड्याचा एक लाल चिमटा ठेवलेला – तो ज्याच्या एरियलला, त्यानेच बटण दाबायचं. हा नियम मीच घातला होता. रेडिओतलं मला कळायचं ना.

त्या दिवशी चिमटा सुधाकरकडे होता. त्याचं ग्लायडर घारींच्या बरोबरीने चढलं. सगळ्यांच्या माना वर. "मास्तर, लई भारी हाय हे," चेअरमन म्हणाले. पारूबाई तोंडाला पदर लावून बघत होती. माझं ग्लायडर माझ्या पायाशी पडलेलं, त्याच्याकडे कोण बघतंय? तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या पतसंस्थेच्या एका संचालकाने सहज विचारलं, "तुमचं बी चालतंय का असं?" आणि मी – नुसतं शेपूट हलवून दाखवायला – बटण दाबलं.

विसरलो होतो? इतकी वर्षं स्वतःला तेच सांगत आलो. पण खरं ते नाही. अंगठा बटणावर होता तेव्हा मला चिमटा आठवला होता. आठवला – आणि तरी दाबलं. पळभराने काय होतंय, असं वाटलं? की काहीतरी व्हावं, असंच वाटलं? माझं मलाच सांगता येत नाही.

वर ग्लायडरने नाक खाली घातलं. आवाज नाही, इंजिनच नाही तर आवाज कसला? सरळ खाली आलं, वेग वाढत गेला, मग पंख थरथरला आणि मोडला. माझं बटण तोवर बंद झालं होतं. सगळे वरच बघत होते.

चेअरमन गाडीत बसले. सुधाकर तुकडे गोळा करून माझ्यापाशी आला. "दिग्या, माझी तर नजरच ठरंना बे. तू बघत व्हतास. आधी पंख हालला, का नाक खाली गेलं?"

तो काय विचारत होता, लक्षात येतंय ना? नाक आधी गेलं असेल, तर दोष रेडिओचा. पंख आधी हालला असेल, तर त्याच्या आराखड्याचा.

"आधी पंख हालला," मी म्हणालो.

हेच ते. बटणाचं कदाचित मी कुणापुढे तरी कधी बोललोही असतो. हे बोलता येत नव्हतं.

संस्था झाली नाही. आठवड्याच्या आत ट्रक भरला. सुधाकर पंखातली चूक शोधत बसला. पंखावर वाळूच्या पिशव्या लादून पाहायचा. पंख मोडायचा नाही. तरी म्हणायचा, दिग्यानं डोळ्यांनी बघितलंय. मग त्याने पंख जाड केला, आणखी जाड केला, इतका की ग्लायडर चढेनासंच झालं. पुढे त्याने आखणंच सोडलं.

हंगाम संपल्यावर पारूबाई त्याच्या घरी आली. मी तिथेच चहा पीत होतो. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. फडात कोयता लागला होता. ती उंबऱ्याशी टेकली आणि म्हणाली, "सर, खरं सांगा. माझ्या हातनं कागद ढिला राह्यला व्हता का? तिकडं लई येळा मनात आलं."

"न्हाई बाई," सुधाकर म्हणाला. "चूक माझ्या आखणीची. यांनी बघितलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"मग बरं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा खरोखरच मोकळा झाला. सुधाकर जमिनीकडे बघत राहिला. मी चहा संपवला.