पलंगाखालची बोरी

खरं सांगू? प्रदर्शनात दीदीचं ते चित्र पाहिलं अन् माझा नुसता जळफळाट झाला. दीदी म्हणजे आमच्या शेजारची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लांबून पाहिलं तर पिंपळाचं पान, जवळ गेलं की पानाच्या शिरा म्हणजे चक्क सर्किट बोर्डावरच्या रेघांचे मातीतले ठसे! जो तो "क्या बात है" करून राहिला होता. अन् तो बोर्ड आमच्या घरचा!! बाबा रिछाईला स्टॅबिलायझरच्या कारखान्यात आहेत, त्यांनी भंगारातून आणलेला. दोन वर्षं आम्ही त्याच्यावर किल्ल्या टांगल्या. मीच दीदीला म्हटलं होतं, "घेऊन जा, कचराच आहे."

मग मी बाबांकडून बोरीभर, चांगलं पोतंभर बोर्ड आणवले. दीदी आणते तशीच तिलवाऱ्याच्या घाटावरून नर्मदेची माती आणली, गोंदात कालवली, बोर्डावर फासली, कागदावर दाबली. बोर्डच उमटला. पंधरा कागद, पंधरा बोर्ड. पान एकही नाही! रागारागात सगळं बोरीसकट पलंगाखाली ढकललं.

आठवड्यानं दीदी आली. "ऐक ना, प्रदर्शनासाठी अजून एक चित्र मागितलंय. एखादा बोर्ड आहे का गं?"

"संपले."

स्वयंपाकघरातून आई ओरडली, "काहून खोटं बोलून राहिली? बोरी भरून पडलेत पलंगाखाली, झाडू जात नाही तिथं!"

दीदीनं वाकून बोरी ओढली. सोबत माझे कागदही आले. तिनं ते फरशीवर पसरले अन् हसत सुटली. "अच्छा! म्हणून संपले होय!"

मी घाईघाईनं कागद गोळा करायला लागले.

मग एका कागदापाशी तिचं हसू थांबलं. त्यात दाबताना माझा हात घसरला होता, अन् सगळ्या रेघा एका बाजूला ओढल्या गेल्या होत्या. पुराच्या पाण्यात गवत आडवं पडतं ना, तशा. मी तो नीट पाहिलासुद्धा नव्हता.

"हे कसं केलं?"

"हात घसरला."

"मला दे ना हे." कागदावरून तिची नजरच हटेना. तिच्या चित्रासमोर मी अशीच उभी होते, हुबेहूब!

"बोर्ड पाहिजे तेवढे ने," मी कागद काढून घेतला. "हा नाही देत, जा!"

"कंजूस कुठली!" दोन बोर्ड घेऊन ती निघाली. दारातून एकदा वळून पाहिलं. माझ्याकडे नाही, कागदाकडे.

कसलं भारी वाटलं मला!