पालेगावला गेलेली कवळी

लग्न होऊन मी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये आले तेव्हा मला सगळं घर दाखवलं, फक्त मागची गॅलरी कोणी दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मी स्वतःच उघडली आणि तेवढ्याच घाईने बंद केली. खाली नाला होता. आमचे हे मागून म्हणाले, "होईल सवय."

झालीही. वासाची सवय माणसाला फार लवकर होते. कित्येक वर्षं तिथे राहूनही ती झाली नव्हती फक्त माझ्या सासूबाईंना. त्या राजापूरकडच्या. माहेरी घराच्या मागून पऱ्ह्या, म्हणजे छोटा ओढा, वाहायचा, त्यात त्या तांदूळ धुवायच्या. त्यामुळे नाला त्यांच्या लेखी नाला नव्हताच, बिघडलेला पऱ्ह्या होता. "जन्माने वाईट नाही हो तो," त्या म्हणायच्या. "संगत वाईट लागली त्याला."

संगतीत सर्वात आधी यायचे ते वरच्या अंगाचे कारखाने. नाल्याचा रंग रोज वेगळा असायचा. हे अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑफिसर होते. संध्याकाळी घरी आले की चहाचा कप हातात देतानाच सासूबाई विचारायच्या, "आज जांभळा होता. तुमचा का रे?"

"आई, आमच्याकडे जांभळा होतच नाही."

"आणि कालचा हिरवा?"

यावर हे खाली मान घालून चहा प्यायचे. अशा बऱ्याच संध्याकाळी गेल्यावर सासूबाईंनी निकाल दिला, "रंगाचं सरकार बघेल. केराचं मी बघते."

केर मात्र आमच्या सगळ्यांचा होता. बिल्डिंगमधलं प्रत्येक बिऱ्हाड मागच्या बाजूने नाल्यात टाकायचं. भाजीच्या साली, फुटक्या बरण्या, गाद्यांचा कापूस, एकदा तर अख्खा पाळणा. पावसाळ्यात हे सगळं रस्त्याखालच्या मोरीत जाऊन बसायचं, मोरी तुंबायची आणि पाणी मागे फिरून तळमजल्यावरच्या घरांत शिरायचं. तळमजल्यावर आमच्या बरोबर खाली एक सिंधी आंटी राहत होत्या. घरात शिलाई मशीन लावून त्या परकर शिवायच्या. त्यामुळे सालींखेरीज चिंध्यांची पोतीही त्यांच्याच मागच्या दारातून नाल्यात जायची.

"टाकते तीच, आणि पाणी शिरतं तेही तिच्याच घरात," सासूबाई म्हणायच्या. "नाला न्यायाचा आहे."

पण नुसत्या न्यायावर त्यांचं भागेना. एक दिवस पदर खोचून त्या खाली उतरल्या आणि मला दुभाषी म्हणून सोबत नेलं. त्यांना हिंदी येत नव्हती, आंटींना मराठी.

"विचार तिला, लाज नाही का वाटत?"

मी म्हटलं, "आंटी, मम्मी बोल रही हैं, बारिश में आपको कितनी तकलीफ होती है."

आंटींनी मशीन थांबवलं. दोन हात कमरेवर ठेवून त्या म्हणाल्या, "उसको बोल, नाला मेरे बाप का नहीं है, और उसके बाप का भी नहीं है."

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "त्या म्हणतात, नाला कोणा एकाचा नाही, सगळ्यांचा आहे."

"अगदी बरोबर बोलली!" सासूबाई खूश झाल्या. "समंजस बाई आहे." आणि त्या चक्क आत जाऊन आंटींच्या पलंगावर बसल्या. आंटी गोंधळल्या. भांडायला आलेली बाई हसत पलंगावर बसली तर तिला चहा देण्याशिवाय दुसरं काय करणार?

त्या चहानंतर सासूबाई चिंध्यांचं एक पोतं वर घेऊन आल्या आणि महिनाभर खपून त्यांनी गोधडी शिवली. फुलाफुलांची, चारी बाजूंनी निळी किनार. घडी करून ती आंटींच्या हातात ठेवली आणि "तुझ्याच चिंध्या" एवढंच म्हणाल्या. आंटींनी गोधडी उलटीपालटी करून पाहिली, टाके ओढून पाहिले, आणि त्या दिवसापासून सासूबाईंना 'अदी' म्हणायला लागल्या. सिंधीत ताईला म्हणतात तसं. चिंध्या मग नाल्यात गेल्या नाहीत. त्यातल्या बऱ्या सासूबाई ठेवून घ्यायच्या, उरलेल्या ह्यांच्या कारखान्यात मशीन पुसायला जायच्या. मुलगा अखेर नाल्याच्या काही कामी आला, असं सासूबाईंनी त्यावर बोलून दाखवलं.

राहिला ओला कचरा. आमच्या पलीकडे म्हशींचा एक तबेला होता. पालेगावचा एक शेतकरी तिथे बैलगाडीतून पेंढा आणून टाकायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत जायचा. ती रिकामी गाडी सासूबाईंच्या डोळ्यांत सलायची. एक दिवस त्या सालींची बादली घेऊन सरळ गाडीसमोर उभ्या राहिल्या.

"काय हो, गाडी रिकामीच नेता?"

"मंग काय भरून नेऊ, आजी?"

"आमच्याकडचं ओलं न्या. साली, देठं, चहाचा चोथा. खड्ड्यात टाका, खत होईल."

"ते नाल्यान टाका ना. सगलीच टाकतात."

नेमकं नको ते उत्तर त्या बिचाऱ्याने दिलं. सासूबाईंचं व्याख्यान सुरू झालं. ते पऱ्ह्यापासून निघून मोरीपर्यंत पोचलं, तोवर एका बैलाने बादलीत तोंड घातलं आणि मटारची टरफलं खायला सुरुवात केली. मालकाच्या आधी बैलाने होकार दिला. शेतकरी हसायला लागला आणि म्हणाला, "द्या, आजी. यालाच पसंत हाय तर मी कोन नाय बोलनारा."

जिन्याखाली दोन पत्र्याचे डबे आले. एक ओल्याचा, एक भंगारवाल्याच्या मालाचा. सासूबाई रोज झाकणं उघडून तपासणी करायच्या. ओल्या डब्यात सिगारेटचं पाकीट सापडलं त्या दिवशी त्यांनी ते जिन्यात सगळ्यांसमोर उंच धरलं, आणि मग त्यांना आठवलं की हा ब्रँड आपलाच मुलगा ओढतो. ह्यांना तेव्हा पंचेचाळीस बिऱ्हाडांदेखत कान धरून उभं करायचंच काय ते बाकी ठेवलं.

आणि मग आंटींच्या यजमानांची कवळी हरवली.

अंकल मितभाषी गृहस्थ. फर्निचर बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. कवळी ते फक्त जेवणापुरती लावायचे. जेवण झालं की काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवायचे आणि वामकुक्षी घ्यायचे. एका दुपारी उठून पाहतात तर कवळी नाही. घर पालथं घातलं. पलंगाखाली बघितलं, मशीनचं ड्रॉवर उपसलं, गणपतीच्या मागे बघितलं. अंकल आठवडाभर कढीभात कालवून गिळत होते आणि बायकोकडे दुःखी नजरेने बघत होते. शेवटी एका सकाळी भाजी निवडता निवडता आंटींच्या हातातली सुरी थांबली. साली त्या वर्तमानपत्रावरच काढायच्या आणि कागदासकट गुंडाळून ओल्या डब्यात टाकायच्या. त्या धापा टाकत जिना चढून आल्या.

"अदी! अंकल के दांत पालेगाव चले गए!"

हे वाक्य सासूबाईंना मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

रविवार होता. एका रिक्षात अंकल, आंटी, सासूबाई आणि मी, आणि मागून सायकलवर हे, अशी वरात पालेगावला निघाली. अंकलनी तोंडावर रुमाल धरला होता. शेताच्या बांधाशी आम्हाला बघून शेतकऱ्याचा चेहरा उतरला.

"दात?" तो म्हणाला. "हायेत ना. पन..."

तो आम्हाला बांधावरच्या उंबराखाली घेऊन गेला. तिथे एका दगडावर अंकलची कवळी मांडलेली होती. हळदकुंकू वाहिलेलं, पुढे लिंबू, वर झेंडूचं फूल. शेजारी शेतकऱ्याची म्हातारी आई बसली होती.

झालं होतं असं. खत वरखाली करताना फावड्याबरोबर ही बत्तिशी उडाली आणि बैलाच्या पुढ्यात पडली. म्हातारी म्हणाली, कोणीतरी करणी पाठवली. म्हणून लिंबू उतरवून ठेवलं. पण त्याच संध्याकाळी त्यांची दिवस उलटून गेलेली म्हैस सुखरूप व्याली, आणि करणीचा देव झाला.

अंकलनी कुंकवाने माखलेली आपली कवळी बघितली आणि सवयीने हात जोडले.

"अरे, आपके ही हैं!" आंटींनी त्यांना कोपराने ढोसलं.

शेतकरी बिचारा द्यायला तयार होता. म्हातारी तयार नव्हती. "देव मागारी देत नायत," ती म्हणाली. ह्यांनी तिला शास्त्र समजवायला सुरुवात केली. प्लास्टिक कसं बनतं, साचा कसा घेतात. म्हातारीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. मग सासूबाई पुढे झाल्या. त्या तिच्या शेजारी मांडी घालून बसल्या, डबीतली चिमूटभर तपकीर तिला दिली आणि म्हशीची चौकशी केली. रेडकू कसं आहे, चीक किती निघाला, भाताचं कसं काय. बराच वेळ गेला. आम्ही उन्हात उभे. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "म्हातारे, देवाला नारळ पुरतो गो. दात माणसाला लागतात. हा बघ, आठवडाभर जेवला नाहीये."

म्हातारीने अंकलना खालून वर न्याहाळलं. "बोल बगू काय तरी."

अंकलनी रुमाल बाजूला केला. "माताफी," ते कळवळून म्हणाले, "मेरे फांत फे फो."

म्हातारी हसायला लागली. अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेव्हा आम्हाला दिसलं की तिच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नाही. हसणं ओसरल्यावर तिने हळूच विचारलं, "हे तोंडान बसवतात? चावता येते?"

अंकलचा सगळा राग पळाला. कवळी घेऊन ते विहिरीवर गेले, राखेने घासून, तीन पाण्यांनी धुऊन त्यांनी ती तोंडात बसवली आणि शेतकऱ्याकडून एक काकडी मागून घेतली. म्हातारीच्या समोर उभं राहून ती काकडी त्यांनी कडाकडा शेवटपर्यंत खाल्ली. म्हातारी एकेका घासाकडे बघत होती. दगडावर नारळ ठेवायला मग तिने स्वतःच सांगितलं.

आंटींचं मात्र या सगळ्याकडे लक्षच नव्हतं. त्या खताच्या खड्ड्याशी उभ्या होत्या. येताना त्यांनी नाकाला लावायला अत्तराचा फाया आणला होता, तो हातातच राहिला. खड्ड्यात घाण नव्हती. काळी, भुसभुशीत, कोमट माती होती आणि आमच्याच घरच्या बियांमधून उगवलेला भोपळ्याचा वेल त्यावर पसरला होता. आंटींनी मूठभर उचलून वास घेतला.

"ये मेरा कचरा है?"

"तुझाच," सासूबाई म्हणाल्या.

परत येताना रिक्षात आंटींच्या मांडीवर एक लाल भोपळा होता. पुढचे दोन दिवस त्यांनी तो दारोदार दाखवला. "मेरे छिलके का कद्दू." तिसऱ्या दिवशी भाजी करून घरोघर वाटली. त्यानंतर बिल्डिंगमध्ये कोणाची मागच्या दारातून काही टाकायची छाती झाली नाही, कारण सासूबाई निदान दुपारी झोपायच्या, आंटी झोपतच नव्हत्या.

पुढे अंकलनी म्हातारीला शहाडच्या आपल्या दाताच्या डॉक्टरकडे नेलं. ती कवळी लावून म्हातारीने आधी काकडी खाल्ली, मग चणे, मग सुनेला चार शब्द सुनावले. आता ती स्पष्ट बोलते ही तक्रार शेतकऱ्याने पेंढा टाकताना आमच्यापाशी कित्येकदा केली. त्या रेडकाला गावात सगळे कवळीच म्हणायला लागले.

नाला स्वच्छ झाला असं मी म्हणणार नाही. वरून येणारे रंग येतच राहिले आणि वासही पुरता गेला नाही. पण त्या पावसाळ्यात मोरी तुंबली नाही. पाणी चढलं, आंटींच्या मागच्या पायरीला लागलं, थोडा वेळ तिथेच घुटमळलं आणि उतरलं. आंटी खराटा हातात धरून दारात उभ्या होत्या. पाणी परत गेल्यावर त्यांनी आधी सासूबाईंना हाक मारली आणि मग शेजारच्या चार घरांना. आजूबाजूच्या दोन बिल्डिंगींनीही त्यानंतर जिन्याखाली डबे ठेवले.

नव्वदनंतर पालेगावची शेतं एकेक करून बिल्डरांकडे गेली. आमच्या शेतकऱ्यानेही जमीन दिली, बैल विकले, आणि गाडी यायची थांबली. मग सासूबाईंनी आणि आंटींनी बिल्डिंग आणि नाल्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत खड्डा खणून घेतला. खत कसं वरखाली करायचं ते दाखवायला शेतकरी स्वतः आला, म्हातारीला घेऊन. त्या खड्ड्यावर आंटींनी पालक, मेथी आणि शेपू लावला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत आम्ही बदलापूरला राहायला गेलो. कारभार आंटींकडे आला. पालिकेच्या ऑफिसात रोज जाऊन बसून त्यांनी मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवून घेतली. जाळीत अडकलेलं काढायला पालिकेचा माणूस यायचा. नाही आला तर आंटी त्याच्या घरी जाऊन त्याला रिक्षात घालून आणायच्या, आणि काम झाल्यावर त्याला खड्ड्यावरच्या पालक-शेपूची सिंधी साई भाजी आणि भात वाढून परत पाठवायच्या. तो शेवटी शेवटी न बोलावता, जेवणाच्या वेळेलाच यायला लागला.