रिकाम्या धरणाचा राखणदार

...तर काल मी गोष्टीत मुंगसापाशी थांबलो होतो. हा मुंगूस म्हणजे आमच्या ओढ्यावरच्या लहानशा धरणाचा राखणदार. नाव त्याला आम्हीच ठेवलं, कारण मातीच्या बांधावर घुशींची बिळं हुडकत तो दिवसभर वाकून फिरायचा. धरण पूर अडवण्यापुरतंच. मोठा पाऊस आला की पाणी अडायचं, पाइपातून हळूहळू खाली जायचं. एरवी आत ठणठणाट. चहाच्या दुकानात आम्ही छेडायचो, "काय रे, आज रिकामं किती भरलं?" हा शांतपणे सांगायचा, "काठोकाठ."

बीळ दिसलं की माती ठोकून बुजवायचं, झुडूप दिसलं की मुळासकट उपटायचं, पाइपाच्या तोंडावरच्या जाळीतला पालापाचोळा काढायचा. त्यात याचं उभं आयुष्य गेलं. बायको म्हणायची, एवढ्या मायेनं माझ्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही.

मग धरणाची सुरक्षितता तपासणाऱ्या इंजिनिअर बाई आल्या. बांध पाहून खूश झाल्या आणि जाता जाता म्हणाल्या, धरणाचा वर्ग बहुतेक बदलावा लागेल, कमी धोक्यातून जास्त धोक्यात. मुंगसाच्या अंगाचा तिळपापड झाला. भेटेल त्याला बांधावर ओढून न्यायचा, एक तरी बीळ दाखव म्हणायचा. मलाही नेलं. माझे गुडघे बोलत होते, पण याचं तोंड थांबेल तर शपथ.

बाई पुन्हा आल्या तेव्हा यानं तोंडावरच विचारलं. त्यांनी नीट समजावलं. म्हणाल्या, धरण पक्कं की कच्चं यावर वर्ग ठरत नाही. उद्या ते फुटलंच, तर खाली कुणाचा जीव जाईल का, यावर ठरतो. आधी खाली नुसतं गवत होतं, आता एक घर दिसतंय. त्यात माणसं राहतात की ते गोदाम आहे, एवढंच बघायचंय.

घर मुंगसाच्याच लेकीचं. बाप धरण राखतोय म्हणूनच तिनं तिथं बांधलेलं. वर मजला चढवायचं चाललं होतं, भिंती छातीपर्यंत आल्या होत्या, विटा बापानंच वाहिलेल्या. वर्ग वाढला तर जादा पाणी बाजूनं काढून देणारा सांडवा रुंद होणार, धोक्याचा भोंगा बसणार. पण खालचं नवं बांधकाम बंद. मजला तसाच उघडा राहणार.

तेवढ्यात लेक आलीच. बापाला बाजूला घेतलं. मी शेजारीच होतो, कानांना काय झाकण असतं?

"बाबा, गोदाम म्हणा. सामान आहेच की आमचं खालच्या खोलीत. आणि तुमच्या बांधाला काय होतंय? तुम्हीच तर सांगत फिरता."

त्याचंच वाक्य त्याच्या पुढ्यात. मुंगूस टाचेनं माती दाबत राहिला. बाईंनी पुन्हा विचारलं, राहतं का कुणी तिथं? लेक बापाकडे बघत होती. यानं तिच्याकडे बघायचं टाळलं आणि म्हणाला,

"गोदाम नाही मॅडम. माझी लेक राहते तिथं, नातवंडं राहतात, आणि जावई तर असा घोरतो की बांधावर ऐकू येतं. वरचा वर्ग लिहा. मला हल्ली बिळं दिसत नाहीत, हातानं चाचपून शोधतो."