ताईसाठी घेतलेला मॉनिटर

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच. तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ जरा सैल होतेय — नागभीडात कुणाजवळ तोंड उघडलं असतं, तर संध्याकाळच्या आत गोष्ट तिच्या कानावर गेली असती.

आता सुरुवात करायची, तर एका कॉम्प्युटरच्या मॉनिटरपासून करावी लागेल. हसलात ना? मलाही आधी वाटायचं, मॉनिटरचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं?

ताई माझी थोरली बहीण. घरात आम्ही दोघंच — तिचं लग्न झालं नाही, माझं टिकलं नाही. मी नागभीडातल्याच एका कार्यालयात बाबू आहे. ताई नाटकं टाईप करायची. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात. लेखक ती हातानं लिहितात, आणि वडशाच्या नाटक कंपन्यांना ती स्वच्छ टाईप केलेली लागतात. ते काम ताईचं. पण नुसतं टाईप करून गप्प बसेल ती ताई कसली! लेखक अंगणात चहा पीत विचारायचे, "बाई, तिसऱ्या अंकात हिरोईन जास्तच रडून राह्यली का?" ताई खुशाल म्हणायची, "हो, कमी करा." आणि ते कमी करायचे. तिच्या या रुबाबाचा मला फार अभिमान होता. होता ना? — की हे मी आता म्हणतोय?

तिचा जुना मॉनिटर बंद पडला. नवा आणायचं माझ्याकडे आलं. "असा पाहजो," ती म्हणाली, "का माह्यं टायपिंगबी होईन अन् तुह्या मॅचीबी होतीन. तुले समजते त्याच्यातलं." पैसे तिचेच होते. माझ्या मॅचची काळजीसुद्धा तिलाच.

चंद्रपूरच्या दुकानात एक लहान, सपाट मॉनिटर होता. उभा फिरवला की कागदाचं अख्खं पान त्यावर मावायचं. दुसरा भला मोठा, दोन्ही कडांनी आत वळलेला — त्यावर दुकानदारानं मॅच लावली आणि मी खुळावलोच. भला माणूस होता तो. विचारलं नसताना म्हणाला, "सिनेमा-मॅचले एकदम झकास आहे, भाऊ. पण याच्यावर अक्षर फुटते. दिवसभर वाचाचं असन तर नका नेऊ." मग त्यानं मधला एक सुचवला. आकारानं बरा, अक्षर कोरल्यासारखं. आम्हा दोघांचंही त्यावर भागलं असतं. फक्त तो मागवावा लागणार होता, आठवडाभर थांबावं लागणार होतं.

आणि त्या रविवारी फायनल होती.

मी मोठा उचलला. घरी येऊन ताईला म्हणालो, दुकानदार म्हणाला, टायपिंगला हाच घ्या.

हे खोटं तर झालंच. पण इथं थांबलो तर मी अर्धंच सांगितलं असं होईल — पुढचं यापेक्षा वाईट आहे.

महिनाभरात ताईचं डोकं दुखायला लागलं. अक्षरांच्या कडा पुसट दिसायच्या, म्हणून मी अक्षर मोठं करून दिलं. ते मोठं झालं, आणि पुसटच राहिलं. तेव्हा ती खुर्चीत मागे टेकून हळूच म्हणाली, "एवढं मोठं अक्षर, नवाकोरा मॉनिटर, तरी मले नाई दिसून राह्यलं. म्हणजे डोळेच गेले न माह्ये?"

तिला खरं सांगायला तेवढा एक क्षण पुरला असता. मी काय म्हणालो? म्हणालो, "वय झालं आता, ताई. होते असं."

हेच ते. हे वाक्य मी कुणाला सांगितलेलं नाही.

ब्रह्मपुरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच तिला घेऊन गेलो. ते म्हणाले, नंबर तर जुनाच आहे. स्क्रीन कशी आहे? ताईनं माझ्याकडे पाहिलं, कारण त्यातलं मला समजतं. मी सांगितलं, नवीन आहे, चांगली आहे. त्यांनी थेंब दिले आणि काम कमी करायला सांगितलं. तिनं कमी केलं, मग सोडूनच दिलं. लेखक दुसऱ्याकडे जाऊ लागले. आमचं अंगण ओस पडलं. वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, विहारात रोज ग्रंथवाचन असतं — ते कितीतरी वर्षं ताई करायची. तेही तिनं शेजारच्या सुनेकडे सोपवलं आणि स्वतः मागे बायकांत जाऊन बसली. "उरलेली नजर जपा लागते," म्हणाली.

आणि मला सगळं दिसत होतं हो! तीच ताई सुपात तांदूळ घेऊन बसली की बारीकसा खडाही तिच्या हातून सुटत नव्हता. सुईत दोरा एका दमात ओवायची. तिच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. तिला मात्र ते कधी जुळवून पाहावंसं वाटलं नाही — का वाटावं? सांगणारा मी होतो. मॉनिटर रिकामाच पडलाय म्हणून तिनं स्वतः तो माझ्या खोलीत ठेवायला लावला. मी ठेवला. मॅचेस पाहिल्या. मजाही आली — तेही सांगून टाकतो.

भीती कशाची होती? ती रागावली असती. दोन दिवस बोलली नसती, मग माझ्यासाठी भाकरी टाकताना पुन्हा बोलायला लागली असती. एवढंच. तेवढंही मला नको होतं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं स्टँडवर गडचिरोलीच्या गाडीची वाट पाहत होतो. एक गाडी समोर येऊन लागली. पाटीवरचं अक्षर हातभर, भर दुपारचं ऊन त्यावर पडलेलं. ताईनं मान वर केलीच नाही. पिशवी सावरत, खाली पाहतच तिनं मला विचारलं, "कुठची आहे रे?"

मी तिला वाचून सांगितलं.